पोथी कुठली, अध्याय कुठला?

१ फेब्रुवारी १६८९, शुक्रवार, माघ वद्य सप्तमी. छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश खेळण्याहून, म्हणजे विशाळगडाहून, रायगडाकडे निघाले होते. वाटेत संगमेश्वरी थांबले. कोल्हापूरकडून शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान निवडक फौजेनिशी सह्याद्री उतरून अचानक चालून आला आणि दोघांनाही त्याने कैद केलं. ११ मार्चला भीमेच्या काठी त्यांची क्रूर हत्या झाली. एवढ्या गोष्टींविषयी वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या प्रश्नाचा. छत्रपती सापडलेच कसे? एका कहाणीत ते संगमेश्वरी चैनीत रमले होते. दुसरीत कवी कलशानेच घात केला. तिसरीत शिर्क्यांनी वाट दाखवली. चौथीत दरबारातल्या कारकुनांनी फितुरी केली. घटना एक, ठिकाण एक आणि गुन्हेगार चार. कुणी कुणाला गुन्हेगार ठरवलं, हे नीट पाहिलं की सांगणाऱ्याचा गोट आणि त्याचा राग, दोन्ही उघडे पडतात.

खोटी माहिती कशी पसरते हे समजून घ्यायला आपण बहुधा मोबाइलपासून सुरुवात करतो. माझ्या मते रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावापासून सुरुवात केली तर जास्त हाती लागतं. इथे एका घटनेवर सव्वातीनशे वर्षं कहाण्यांचे थर चढले आहेत, आणि ते थर खरवडून काढणाऱ्या माणसांची कामाची रीतही आपल्यासमोर आहे. ती रीत प्रत्येक नागरिकाला शिकता येण्याजोगी आहे.

बखर कुणाची, कधीची?

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर हे गाव. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो, कोकण रेल्वेचं स्थानकही आहे. जुनं वैभव कसब्यात. कर्णेश्वराचं कोरीव शिवालय, इतर जुनी देवळं आणि महाराजांच्या कैदेशी ज्याचं नाव जोडलं जातं तो सरदेसाईंचा वाडा. याच तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी शृंगारपूर आहे. ते शिर्क्यांचं, म्हणजे येसूबाईंच्या माहेरचं गाव. संभाजीराजांनी तरुणपणी काही काळ तिथे काढला. म्हणजे या कथेतला राजा, त्याचं सासर, ज्यांच्यावर फितुरीचा आळ आला ते घराणं आणि कैदेची जागा, सारं एका तालुक्यात सामावलं आहे.

महाराजांच्या बदनामीला सर्वात मोठा आधार मिळाला तो मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीचा. ही बखर १८१०-११च्या सुमाराची, म्हणजे घटनेनंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी लिहिलेली. लिहिणारे बाळाजी आवजी चिटणीसांचे वंशज. बाळाजी आवजींना १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून महाराजांनी देहदंड दिला होता. एवढं कळल्यावर बखरीतलं प्रत्येक वाक्य खोटं ठरत नाही. पण वाचणाऱ्याने हात आखडता घ्यावा, एवढं नक्की ठरतं. कालांतर मोठं, घराण्याची जखम खोल. अशा साक्षीला दुसऱ्या साक्षीचा टेकू लागतो.

हा टेकू मागायची सवय पुढच्या काळात सुटली. चैनीचा तपशील मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानाकडेही होता, आणि त्यानेही तो घटनेनंतर काही दशकांनी लिहिला होता. शत्रूची लेखणी आणि घरातल्या दुखावलेल्या घराण्याची लेखणी एकच सांगते, म्हणजे ते खरंच असणार, असं लोकांना वाटलं. पुढे नाटककारांना व्यसनी, बेबंद आणि शेवटी पश्चात्तापाने उजळणारा राजपुत्र हवाच होता. रंगभूमीने ती प्रतिमा घरोघर नेली, मग सिनेमाने. पिढ्यान्‌पिढ्या तेच ऐकलं, म्हणून तेच खरं झालं.

कवी कलशाची गत तर याहून वाईट. जो माणूस महाराजांबरोबर पकडला गेला, ज्याची तशीच धिंड निघाली, ज्याला तसेच हाल सोसून मरावं लागलं, त्यालाच काही बखरींनी फितूर ठरवलं. घात करणारा धन्याबरोबर मरायला कशाला जाईल, हा साधा प्रश्नही फार थोड्यांना पडला.

ही साखळी तोडली ती कागदांनी. कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणली. तिच्यात वर्णनं नाहीत, तिथीवार नोंदी आहेत. शिर्के आणि कवी कलश यांचं बिनसलं, कलश खेळण्यावर गेला, महाराजांनी संगमेश्वरी शिर्क्यांशी लढाई केली आणि मग ते खेळण्याला गेले. पुढे रायगडाकडे जाताना संगमेश्वरी शेख निजामाने दोघांना धरलं. बागेतल्या मैफलीचं नावही तिथे नाही. वा. सी. बेंद्रे यांनी काही दशकं कागद धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र सिद्ध केलं. डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहून त्या अभ्यासात मोलाची भर घातली. मोगल, पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच, मराठी असे सगळे कागद समोरासमोर ठेवल्यावर नऊ वर्षं अनेक शत्रूंशी एकाच वेळी झुंजणारा राज्यकर्ता दिसू लागला. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा विद्वान दिसू लागला.

या अभ्यासकांनी आणखी एक अवघड गोष्ट केली. पुरावा जिथे संपला, तिथे ते थांबले. शिर्क्यांचं वैर नोंदलेलं आहे, पण मुकर्रबखानाला वाट त्यांनीच दाखवली, हे ठामपणे सांगणारा समकालीन कागद नाही. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी मार्टिन याच्या रोजनिशीत बोट वेगळ्याच लोकांकडे दाखवलेलं आहे. खबर नेमकी कुणी दिली, हा प्रश्न पुराव्यानिशी सुटलेला नाही. न सुटलेला प्रश्न न सुटलेलाच ठेवायला मनाची ताकद लागते. अफवा नेमक्या अशाच रिकाम्या जागेत घर करतात.

एक महिना

संगमेश्वरची ही कथा २०२५ मध्ये पुन्हा साऱ्या देशापुढे आली. १४ फेब्रुवारीला ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाला. थिएटरात लोक रडले, घोषणा झाल्या. ज्या राजाची पूर्वी विटंबना झाली, त्याच्या हौतात्म्यापुढे नवी पिढी नतमस्तक झाली, हे चांगलंच झालं. पण पडद्यावर गणोजी आणि कान्होजी शिर्के फितूर म्हणून आले. शिर्के घराण्यातल्या आजच्या लोकांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. अनिर्णित प्रश्नाचा निकाल पडद्यावर तीन तासांत लागला, आणि त्याची झळ आजच्या आडनावांना बसली.

मार्चच्या सुरुवातीला बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरातल्या शेतांत रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं खणायला उतरली. सिनेमात बुऱ्हाणपूरच्या खजिन्याचा प्रसंग होता, आणि मोगलांची सोन्याची नाणी इथल्या मातीत आहेत अशी आवई उठली होती. शेतं उकरली गेली, शेवटी पोलिसांना जावं लागलं.

१२ मार्चला आपल्या जिल्ह्यात राजापूरला शिमग्याची होळी निघाली. भलं मोठं झाड खांद्यावर घेऊन वाटेतल्या मशिदीच्या पायरीपाशी नेण्याची तिथली जुनी रीत आहे. त्या वेळी मशिदीच्या फाटकापाशी गोंधळ झाला, घोषणा झाल्या. त्याची चित्रफीत देशभर गेली ती ‘जमावाने झाड मारून मशीद फोडायचा प्रयत्न केला’ अशा मथळ्याखाली. मशिदीवर हल्ला झालेला नाही, ही परंपरा आहे, असा खुलासा पोलिसांनी केला. घोषणाबाजीबद्दल गुन्हाही नोंदवला. हे प्रकरण बारकाईने पाहायला हवं. चित्रफीत खरी होती. घोषणाही खऱ्या होत्या आणि त्या निंद्यच होत्या. गाळली गेली ती रीत, जी राजापूरच्या दोन्ही समाजांना ठाऊक होती. दिल्लीत किंवा लखनऊत बसून पाहणाऱ्याला ती कशी माहीत असणार? अर्धं खरं हे साफ खोट्यापेक्षा घातक असतं, कारण त्याला डोळ्यांनी पाहिल्याचा दाखला असतो.

आणि १७ मार्चला नागपूर. औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीसाठी महाल भागात आंदोलन झालं, प्रतीकात्मक कबर जाळली गेली. तिच्यावरच्या कापडावर धर्मग्रंथातली वचनं होती, अशी अफवा सोशल मीडियावरून फिरली. संध्याकाळी दगडफेक, जाळपोळ, मग संचारबंदी. एका माणसाचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले, त्यांत पोलीसही होते. अफवेमुळे भडका उडाला, हे सरकारने विधानसभेत सांगितलं.

चित्रपट आणि नागपूर यांत जेमतेम एक महिना. त्या महिन्यातल्या चारही घटनांत माणसांनी ज्यावर आधीच विश्वास ठेवायची तयारी होती, त्यावरच विश्वास ठेवला. कुणाला सोनं हवं होतं, कुणाला फितूर हवा होता, कुणाला शत्रू हवा होता. पुरावा मागायला कुणाला सवड नव्हती.

खोट्याला पाय कोण देतं?

अफवा पसरायला नेहमी तीन गोष्टी जुळून येतात. माहितीची रिकामी जागा असते, तिथे काहीतरी भरण्यात कुणाचा तरी फायदा असतो, आणि ऐकणाऱ्याला ते सोयीचं असतं. बखरीच्या काळी हे जुळून यायला शतक लागलं, आज एक दुपार पुरते.

वारंवार ऐकलेलं वाक्य माणसाला अधिक खरं वाटू लागतं, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. २०१८ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला. खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. पंधराशे माणसांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. महत्त्वाचं हे की, दोष यंत्रांवर ढकलता आला नाही. हे काम मुख्यतः माणसांनीच केलं होतं, कारण खोट्यात नवल जास्त असतं.

कोकणात या प्रवासाला खास वाट आहे. जवळपास प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे आणि मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चाकरमान्याने कांदिवलीत किंवा विरारच्या लोकलमध्ये पाहिलेली फीत मिनिटात वाडीत पोचते. ज्या ग्रुपवर मयताची खबर, गणपतीची वर्गणी, एसटीचं आरक्षण आणि आजारी माणसासाठी मदतीची हाक येते, त्याच ग्रुपवर ती येते. म्हणून ती घरच्या माणसाची वाटते. नातं जेवढं जवळचं, तेवढा पहारा ढिला. अफवा हाच भरवसा वापरून आत शिरते.

याची सर्वात मोठी किंमत महाराष्ट्राने मोजली ती १ जुलै २०१८ ला. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. ती माणसं कोण आहेत, कुठल्या गावची आहेत, हे विचारायला कुणी थांबलं असतं तर पाच घरं वाचली असती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जागी पाठवण्याची मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. यंत्राने पावलं जड केली, विचारायचं काम माणसाचंच राहिलं.

जाखडीतला सवाल

हे विचारणं कोकणाला परकं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतून जाखडी नाचते. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात. एक शाहीर पुराणातला गूढ सवाल टाकतो, दुसऱ्याने त्याचा उलगडा करायचा. नुसती चाल गोड असून भागत नाही. आधार सांगावा लागतो. कुठल्या पोथीत आहे? कुठल्या अध्यायात आहे? रात्र सरेपर्यंत सवाल-जवाब चालतात, टोमणे बसतात, आणि जमलेली वाडी न्याय करते. तिथे सवाल करणं हा अपमान मानत नाहीत. उलट सवाल न करणारा शाहीर कच्चा ठरतो.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत हेच केलं. बखरी अस्सल पत्रांना घासून पाहिल्या आणि कुठे घसरतात ते दाखवलं. बेंद्र्यांनीही तेच केलं, आणि फक्त शब्दांच्या बाबतीत नाही. एकेकाळी शिवाजी महाराजांचं म्हणून एका इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र छापलं जात होतं. बेंद्र्यांनी जुन्या संग्रहांतून शोध घेऊन महाराजांचं खरं चित्र १९३३च्या सुमारास लोकांपुढे आणलं. आज मोबाइलवर फोटो उलटा शोधून तो मूळ कुठला, कधीचा हे पाहता येतं. तेव्हा त्यासाठी दप्तरं पालथी घालावी लागत. प्रश्न मात्र तोच होता: हे चित्र पहिल्यांदा कुठे आलं?

आपल्या घरच्या ग्रुपवर जाखडीची ही मोकळीक का नसावी? काकांनी पाठवलेल्या मेसेजवर आधार विचारला की घरात उद्धटपणा ठरतो. म्हणून तरुण मुलं गप्प राहतात, आणि त्यांच्या मौनाला संमती समजून मेसेज पुढे जातो. विचारण्याची रीत मायेची असू शकते. चारचौघांत नको, वेगळा फोन करून ‘आबा, हे तुमच्याकडे कुठून आलं हो?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही वाक्याची तपासणी करता येते.

सरकारचं खरं, गावाचा कागद

मग खरं-खोटं सरकारनेच ठरवावं, असं काहींना वाटतं. त्यांनी तिवरे आठवावं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं वाहून गेली. तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे धरणाला गळती लागल्याचं विधान केलं. गावकऱ्यांनी मात्र गळतीच्या तक्रारी आधीपासून केल्या होत्या. मंत्र्याच्या माइकपुढे गावकऱ्यांचे अर्ज टिकले, कारण ते फुटण्याच्या आधीचे होते.

केंद्र सरकारविषयीच्या बातम्या खोट्या ठरवण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारी तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत आली. मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्या. अतुल चांदूरकर यांच्या निर्णायक मतानंतर ती रद्द झाली. दंगल भडकवणाऱ्यावर कायद्याने कारवाई व्हायलाच हवी, त्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत. पण ज्याच्याविषयी बातमी, त्यालाच न्यायाधीश करता येत नाही. सरकारने करायचं ते खुलेपणाने माहिती देणं. धरणाची पातळी, विसर्गाची वेळ, पोलिसांचा खुलासा हे सारं वेळेवर आणि सोप्या मराठीत आलं, तर अफवेला जागाच उरत नाही. आणि ते आलं नाही, तर माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे.

वाडीने करायच्या गोष्टी

प्रतिकार रोजच्या सवयींतून होतो. राग किंवा भीती वाटली की तिथेच थांबायचं, कारण तो मेसेज त्याचसाठी लिहिलेला असतो. दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ ही खूण दिसली की लिहिणाऱ्याचं नाव हरवलंय असं समजायचं. तारीख, गाव, नाव यांतलं काहीच नसेल तर ती बातमी नाही. चित्रफितीबाबत विचारायचं: ही कुठली, कधीची, आणि हिच्या आधी-नंतर काय घडलं? आता आवाज आणि चेहरेही बनवता येतात. म्हणून ‘मी स्वतः ऐकलं’ हाही पुरावा पुरत नाही. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांसारखी पडताळणी करणारी संकेतस्थळं मराठीत लिहितात. पुरा-पावसाची खबर असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आहे, सायबर फसवणुकीसाठी १९३०.

सर्वात खात्रीचा फोन मात्र त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला. राजापूरची फीत आली तेव्हा राजापुरात कुणालाही विचारलं असतं, तर होळीची रीत कळली असती. मुंबईचं मंडळ आणि गावची वाडी यांच्यातलं नातं अफवेला वाट देतं, तेच नातं अफवेची उलटतपासणी सर्वात लवकर करू शकतं.

शाळांनीही हे शिकवावं. केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे वर्ग सुरू केले. आपल्याकडे इतिहासाच्या तासाला हेच करता येईल. संगमेश्वरची कैद घ्यायची, फळ्यावर शकावली, बखर, मोगल इतिहासकार आणि चित्रपट असे चार रकाने पाडायचे, आणि विचारायचं: कुणी लिहिलं? घटनेनंतर किती वर्षांनी? लिहिणाऱ्याचं काय गुंतलं होतं? सातवीतलं पोर हे करू शकेल, आणि एकदा केलं की फॉरवर्डकडे पाहायची त्याची नजर कायमची बदलेल.

१० मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराजांचं स्मारक उभारण्याची घोषणा झाली. ते भव्य व्हावंच. पण त्यात पुतळ्याइतकाच मान एका दालनाला मिळावा, ही माझी मनापासून मागणी आहे. जेधे शकावलीची प्रत तिथे असावी, ‘बुधभूषण’ असावा. मोगल आणि फ्रेंच नोंदी मराठीत उतरवून ठेवाव्यात. कुठलं विधान कागदाने सिद्ध आहे, कुठली गोष्ट गावची परंपरा आहे आणि कुठला प्रश्न अजून सुटलेला नाही, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं असावं. बदनामीने ज्याला शतकभराहून अधिक काळ ग्रासलं, त्या राजाला सत्याइतका मोठा मुजरा दुसरा नाही.

विरोधकाच्या मेसेजला पुरावा आपण सारेच मागतो. त्यासाठी धैर्य लागत नाही. कसोटी लागते ती आपल्या जातीला, पक्षाला, दैवताला, आपल्या अभिमानाला सुखावणारी गोष्ट समोर आली की. महाराजांची निंदा खोडायला बेंद्र्यांनी जे कागद मागितले, तेच कागद त्यांच्या स्तुतीच्या नावाखाली कुणावर आळ घेतला जात असेल तर तिथेही मागावे लागतील. मोजमाप दोन्हीकडे एकच ठेवणाऱ्या माणसाला कुणी झुंडीत ओढू शकत नाही. या दिवाळीत घरं माणसांनी भरतील, ग्रुप शुभेच्छांनी भरतील, त्यांतच एखादा विखारी मेसेजही येईल. तो आपल्या बाजूचा असला, तरीही विचारायचं: पोथी कुठली, अध्याय कुठला? आणि उत्तर येईपर्यंत तो आपल्या हातून पुढे जाऊ द्यायचा नाही.